सफरचंदाच्या खोक्याची लोतेरिया

माझ्या पत्त्यांच्या पाठीवर अजून तुकड्यातुकड्यानं एक लाल सफरचंद छापलेलं दिसेल. कुणाच्या वाट्याला देठ आलाय, कुणाच्या वाट्याला नुसतं पान. त्यावरून मला रद्दी समजू नका. चोपन्न पत्ते आणि सहा पाट्या, एवढं मिळून मी एक लोतेरियाचा खेळ होतो. सांगायला बसलोय तो मीच, आणि थोडा रागात आहे. पुठ्ठ्यानं रागावू नये असा काही कायदा नाही.

जन्मानं मी सफरचंदाचं खोकं. अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यातून माझ्यासारखी लाखो खोकी फळं भरून बाहेर जातात आणि परत येत नाहीत. मी गेलोच नाही. माझा एक कोपरा ओला झाला होता, म्हणून पॅकिंगवाल्यांनी मला बाजूला फेकलं आणि क्रिस्पीन सेंदेहासनं उचललं.

क्रिस्पीन बागेत काम करतो. हिवाळ्यात छाटणी, उन्हाळ्यात तोडणी. त्या जानेवारीत फांद्यांवर बर्फाची काच चढली आणि बाग चार दिवस बंद राहिली. घरात त्याची पाच वर्षांची यारेत्सी कांजिण्यांनी हैराण होऊन अंग खाजवत होती. तिचे हात गुंतवायला काहीतरी हवं होतं. क्रिस्पीननं मला स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरलं, पट्टी ठेवली आणि कटरनं कापायला सुरुवात केली. दुखलं नाही. एवढ्या काळजीनं मला आधी कुणी हात लावला नव्हता.

क्रिस्पीन मेक्सिकोतल्या मिचोआकानमधल्या एका डोंगरी गावचा, तिसरी शिकलेला. लोतेरिया त्याच्या गावी घरोघर असते. तुमच्या हाउजीसारखाच खेळ, फक्त आकड्यांच्या जागी चित्रं आणि चित्राखाली त्याचं नाव. क्रिस्पीनला दुकानातली लोतेरिया आणता आली असती. पण पोरगी अंथरुणात होती आणि रस्त्यावर बर्फ. म्हणून त्यानं घरात-बागेत रोज जे दिसायचं तेच काढलं. बागेतली तीन पायांची शिडी, छाटणीची कात्री, कांदा, हॅट, कोंबडा, बर्फ. खाली स्पॅनिशमधलं नाव, एकेक अक्षर थांबून थांबून, जीभ दातांत धरून.

त्याची बायको आम्पारो मागे उभी राहून बघत होती.

"हे काय आहे?"

"कोंबडा."

"मला बूट वाटला."

"बुटाला तुरा असतो का?"

"तुझ्या बुटांना काय काय असतं ते धुणाऱ्याला विचार."

यारेत्सी अंथरुणातून खदखदून हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. क्रिस्पीननं मग बुटाचाही एक पत्ता केला, आणि त्याला खरंच तुरा काढला.

लोतेरियात पत्ता काढणारा माणूस त्याचं नाव सरळ सांगत नाही. सरळ सांगणं म्हणजे खेळाचा अपमान. तो कोडं गातो. बाकीच्यांनी ओळखायचं, आपल्या पाटीवर ते चित्र असलं तर त्यावर राजम्याचा दाणा ठेवायचा. आडवी ओळ भरली की ओरडायचं. आमच्या घरात गाणारा क्रिस्पीनच. एरवी तो मोजकं बोलणारा माणूस, पण पत्ता हातात आला की त्याचा गळा मोकळा व्हायचा.

"तीन पायांची म्हातारी, चालत नाही पाऊलभर;
खांद्यावरती मिरवून न्या, मग चढवते आभाळभर!"

"शिडी!" यारेत्सी किंचाळायची.

रविवारी चर्चमधून आल्यावर नाबोर यायचा. नाबोर म्हणजे यारेत्सीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, आणि म्हणून क्रिस्पीनचा कोंपाद्रे. या लोकांत त्याला सख्ख्या भावाहून जवळचा मानतात, आणि तो भावाहून जास्त जेवतो. नाबोर पाटीवर चित्र नसतानाही दाणा सरकवायचा. त्याला पकडायला क्रिस्पीननं त्याच्याच नावाचा पत्ता केला.

"आला जेवायच्या वेळी, म्हणतो सहज डोकावलो;
राजमा लपवून खिशात, म्हणतो मीच जिंकलो!"

"ही बदनामी आहे, कोंपाद्रे," नाबोर म्हणायचा, "आणि मिशी लहान काढलीस, ती वेगळी बदनामी."

त्याच्या चोरीमुळेच एक नियम आला. ज्याची ओळ भरेल त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवायची, बोट अक्षरांवर ठेवून. वाचता आली नाही तर दाणे परत. हा नियम नाबोरसाठी होता, पण त्यातून शिकली यारेत्सी. सहा वर्षांची होईपर्यंत ती माझे चोपन्नच्या चोपन्न पत्ते वाचत होती. क्रिस्पीनला यात काही विशेष वाटलं नाही. तो पोरीशी खेळत होता, बस्स. आपण तिला शिकवतोय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर तो लाजून उठून गेला असता.

मग यारेत्सी पहिलीत गेली.

ऑक्टोबरात शाळेनं पालकांना बोलावलं. क्रिस्पीन बागेतून थेट गेला. परतला तेव्हा मी टेबलावरच होतो आणि नाबोर कॉफी पीत होता. क्रिस्पीननं हॅट काढली आणि गुडघ्यावर ठेवली. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा बसला.

"काय म्हणाल्या बाई?" आम्पारोनं विचारलं.

"यारेत्सी मागे आहे. सगळ्या वर्गाच्या मागे. तिला वाचता येत नाही म्हणाल्या."

"वाचता येत नाही? आपल्या यारेत्सीला?"

"इंग्रजी, आम्पारो. म्हणाल्या, घरात इंग्रजी बोला, स्पॅनिश बाजूला ठेवा. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा पहिलीतच बसवावं लागेल. मे महिन्यात ठरवणार."

"आणि तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

नाबोरनं कप आदळला. "अरे, निदान विचारायचंस तरी, का म्हणून?"

"बाईंना कसं विचारणार? त्या शिकून आल्यात ते. फांदी कुठं कापायची हे त्या मला सांगायला येतात का? मग पोराला कसं शिकवायचं हे मी त्यांना कोण सांगणारा?"

यात भित्रेपणा नव्हता. या लोकांत शिक्षकाचा मान पाद्र्याइतकाच. मूल शाळेच्या दारात सोडलं की ते बाईंचं. त्यांच्या कामात नाक खुपसणं म्हणजे उद्धटपणा, मुलाच्या आईबापांना वळण नसल्याची खूण. शाळेला मात्र वाटतं, हा बाप काही विचारत नाही, म्हणजे याला काही पडलेली नाही. मान राखणाऱ्या माणसाला बेफिकीर ठरवणारी ही रीत कुणी काढली ते मला ठाऊक नाही. भेटला तर त्याला माझ्या बुटाच्या पत्त्याखालचं नाव वाचून दाखवीन.

बाईंनी एक निळा कागद दिला होता. दर आठवड्याला असा एक येणार होता. त्यावर छापलेलं: आज मुलाला किती मिनिटं इंग्रजी वाचून दाखवलंत? खाली सही, आई किंवा पालक. बापासाठी शाळेच्या सगळ्या कागदांत मिळून एकच रकाना होता, तातडीच्या वेळी कुणाला फोन करावा हा.

त्याच संध्याकाळी क्रिस्पीननं मला रबरबँड लावलं आणि कपाटावर ठेवलं. "थोडे दिवस," तो यारेत्सीला म्हणाला. पुढचे कित्येक महिने, स्पॅनिशमधलं त्याचं तिच्याशी ते शेवटचं वाक्य.

क्रिस्पीनला इंग्रजीचे तीसेक शब्द येत होते. सगळे बागेतले. शिडी. सावकाश. जोरात. सांभाळून. सुट्टी. पुरे. आता त्या तीस शब्दांत त्याला बाप व्हायचं होतं. मी कपाटावरून ऐकत होतो. "खा." "चांगलं." "सांभाळून." "पुरे." मुकादम बोलतो तसं. तो घरात शिरला की आम्पारोसुद्धा पोरीशी बोलताना गप्प व्हायची. दिवाळं निघालेल्या दुकानासारखं ते घर झालं. माणसं आत, पण दार ओढलेलं.

सुरुवातीला यारेत्सी त्याला प्रश्न विचारायची. उत्तरात "हो" किंवा "नाही" यायचं. मग तिनं विचारणं सोडलं. नोव्हेंबरात एकदा तो अंघोळीला गेल्याचं पाहून तिनं आईला हळूच विचारलं, "बाबा माझ्यावर रागावलेत का?"

"नाही गं बयो."

"मग ते मला 'सांभाळून' का म्हणतात सारखं? मी काहीच करत नसते तेव्हापण?"

आम्पारोनं ते क्रिस्पीनला सांगितलं. पाण्याचा आवाज थांबल्यावर, बंद दाराबाहेर उभं राहून. आतून तो म्हणाला, "मला तेवढेच शब्द येतात."

"मग दुसरे बोल! तुझे!"

"आणि पोरगी नापास झाली तर? आपला बाप गप्प बसला नाही म्हणून मी नापास झाले, असं तिनं म्हणायचं?"

निळा कागद मात्र तो रोज भरत होता. टेबलाशी बसायचा, पेन्सिल घ्यायचा आणि लिहायचा: शून्य. सोमवार शून्य, मंगळवार शून्य. नाबोरनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कोंपाद्रे, सगळे वीस लिहितात. वीस लिहायचं, सही करायची, झालं. माझ्या बहिणीनं तर नाताळच्या दिवशीसुद्धा वीस लिहिले."

"मी वाचलं नाही."

"वाचलं नाही हे कुणाला कळणार आहे?"

"बाईंशी खोटं बोलू?"

"देवाशी बोलतोस ना खोटं दर रविवारी, प्रवचनात हसलो नाही म्हणून?"

क्रिस्पीन हसला नाही. त्यानं शून्य लिहिलं, गोल, नीट, आणि खाली पूर्ण नावानं सही केली. अशी शून्यं जमत गेली. त्यांतलं प्रत्येक शून्य एका प्रामाणिक माणसानं लिहिलं होतं आणि प्रत्येक शून्य त्याच्याच मुलीच्या विरुद्ध पुरावा म्हणून फायलीत लागत होतं. असे पुरावे जगात कमी नसतील.

जानेवारीत यारेत्सीनं शाळेतली पुस्तकंही दप्तरातून काढायची बंद केली. वाचणं म्हणजे बाबा गप्प होणं, असं तिच्या डोक्यात बसलं असावं. मला तिच्या डोक्यातलं कसं कळणार? पण एका दुपारी ती खुर्चीवर चढली, मला खाली ओढलं, आणि रबरबँड तुटलं. जमिनीवर पसरलेल्या माझ्या पत्त्यांत ती बसली आणि गाऊ लागली. बाबांच्या चालीत, बाबांच्या आवाजात, भुवया बाबांसारख्या उंच करून. समोर पाटी घेऊन बसायला कुणी नव्हतं. ओळखणारीही तीच, दाणे ठेवणारीही तीच.

क्रिस्पीन त्या दिवशी लवकर आला. दारात थांबला. बुटांवरचा बर्फ वितळून पायपुसणं भिजलं तरी तो आत आला नाही. तिनं वर पाहिलं आणि घाईघाईनं मला गोळा करायला लागली, चोरी पकडल्यासारखी. "पुरे, पुरे," ती म्हणाली. इंग्रजीत. त्याच्याचकडून शिकलेला शब्द.

त्यानं मला पुन्हा कपाटावर ठेवलं नाही.

फेब्रुवारीत शाळेनं पुन्हा बोलावलं. या वेळी यारेत्सीलाही घेऊन या म्हणून. तिनं मला दप्तरात घातलं. कुणाला न विचारता.

बाईंचं नाव मिस टॅलबर्ट. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं. वाईट बाई नव्हत्या. हे सांगायला मला अवघड जातं, कारण वाईट असत्या तर माझा राग सोपा झाला असता. भाषांतराला ऑफिसमधल्या ओफेलियाबाई बसल्या होत्या.

मिस टॅलबर्टनी निळ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. ओफेलियाबाई सांगू लागल्या, "बाई म्हणतात, चार महिने झाले. एकाही दिवशी काही वाचलेलं नाही. घरातून मदत नसेल तर त्या एकट्या काही करू शकत नाहीत. त्यांना यारेत्सीला पुन्हा पहिलीत बसवावं लागेल."

क्रिस्पीन हॅटची कड फिरवत होता. "बाईंना सांगा," तो म्हणाला, "त्यांनी सांगितलं तसं मी केलं. बंद करा म्हणाल्या, मी बंद केलं."

ओफेलियाबाईंनी सांगितलं. मिस टॅलबर्टच्या कपाळाला आठी पडली. "बंद? काय बंद केलंत?"

क्रिस्पीनला सांगता येईना. खेळ म्हणायचं? बाईंपुढे, नापास होणाऱ्या पोरीबद्दल बोलताना, खेळ? तो खाली बघत राहिला. तेवढ्यात यारेत्सीनं दप्तर उघडलं आणि मला टेबलावर, त्या निळ्या गठ्ठ्यावरच ओतलं.

"हे," ती म्हणाली. "बाबा गातात ते बंद केलं."

"मग गा म्हणावं," मिस टॅलबर्ट म्हणाल्या.

क्रिस्पीनचे कान लाल झाले. त्यानं ओफेलियाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "अहो, गा की. मला पण बारा वर्षं झाली ऐकून." त्यानं एक पत्ता उचलला आणि गायला सुरुवात केली.

"अंगावर याच्या सात सदरे, तरी मातीत दडे;
जो याचे सदरे काढी, तोच बापडा रडे!"

"कांदा!" यारेत्सी म्हणाली, आणि अक्षरांवर बोट ठेवून नाव वाचलं.

ओफेलियाबाई हसल्या. मिस टॅलबर्ट हसल्या नाहीत. "ती चित्र बघून सांगतेय," त्या म्हणाल्या. "वाचत नाहीये."

रास्त शंका होती. ओफेलियाबाईंनी ती क्रिस्पीनला सांगितली. त्यानं एक क्षण विचार केला आणि पुढचा पत्ता धरताना आपला जाड अंगठा चित्रावर ठेवला. फक्त अक्षरं उरली. यारेत्सीनं वाचलं. दुसरा पत्ता, अंगठा, वाचलं. अकरा पत्ते झाले. मिस टॅलबर्टनी हात वर केला आणि थांबवलं. मग त्यांनी ओफेलियाबाईंना हळूच विचारून एका कोऱ्या चिठ्ठीवर स्वतः एक स्पॅनिश शब्द लिहिला, माझ्यात नसलेला: खिडकी. यारेत्सीनं अक्षरं जोडली, ओठ हलवले, आणि उत्तर द्यायच्या आधी मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

मिस टॅलबर्टनी पेन खाली ठेवलं.

"तिला वाचता येतं का, हे मी कधी विचारलंच नाही," मिस टॅलबर्ट शेवटी म्हणाल्या. "इंग्रजी येतं का, एवढंच तपासत होते. तुम्हाला चुकीचं सांगितलं मी. तुम्ही तुमच्याच भाषेत गा, गोष्टी सांगा. जेवढं जमेल तेवढं. अक्षरं जोडायला ती शिकलीये, इंग्रजी त्यावरच उभं राहील. ते माझं काम."

मग त्यांनी निळा गठ्ठा आणि पेन क्रिस्पीनपुढे सरकवलं. "ही शून्यं खोडा. आधी जे करत होतात ते लिहा. पुढच्या वर्गाचं ठरवणाऱ्या समितीपुढे मी ते ठेवते."

क्रिस्पीननं पेन उचललं नाही.

"आधीचं वेगळ्या कागदावर लिहून देतो, बाई. पण या दिवसांत मी पोरीशी बोललोच नाही. ते शून्यच होतं."

ओफेलियाबाईंना ते इंग्रजीत सांगायला दोनदा थांबावं लागलं.

घरी जाताना गाडीत तो बोलत होता. बोलत होता म्हणजे काय, चार महिन्यांचं साठलेलं. बागेतल्या घुबडाचं, नाबोर शिडीवरून चिखलात पडला त्याचं, आजीच्या गाढवाचं. यारेत्सी मला मांडीवर घेऊन मागे बसली होती. घर आलं तरी ती म्हणाली, "बाबा, अजून एक चक्कर मारा ना." त्यानं मारली.

मार्चपासून माझं रूप बदललं. यारेत्सी शाळेतून रोज एक-दोन इंग्रजी शब्द आणायची आणि माझ्या पाठीवर, त्या छापील सफरचंदावर, स्केचपेननं लिहायची. क्रिस्पीन दोन्ही बाजू वाचायला शिकत होता. शिडीचा शब्द त्याला बोलता येत होता, पण तो दिसतो कसा हे तिनंच दाखवलं. आता भरलेली ओळ दोन्ही भाषांत वाचायची, आणि नाबोरनं या नव्या नियमालाही हरकत घेतली. "एका भाषेत हरणं पुरत नव्हतं का?"

आज मे महिन्यातला शनिवार आहे आणि दुपारी शाळेचं पाकीट आलंय. समितीचं पत्र. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. क्रिस्पीननं ते उघडलं आणि न बघता टेबलावर ठेवलं, स्पॅनिश बाजू खाली.

"उलट की ते!" आम्पारो म्हणतेय. तिचे हात पिठाचे आहेत, नाहीतर तिनंच उलटलं असतं.

"नाही. यारेत्सी वाचेल."

"अरे, जीव जातोय माझा! एका नजरेत कळेल तुला."

"मला एका नजरेत नको कळायला," तो म्हणाला आणि पत्राच्या कडेवर तळहात ठेवून बसला.

मी शेजारीच आहे. माझं वय झालं. चोपन्नातले पन्नास पत्ते उरलेत, एका पाटीवर रस्सा सांडलाय, कोंबड्याचे पापुद्रे सुटलेत. फार दिवस टिकणार नाही मी. जाण्याआधी शाळांत बसणाऱ्या, कागद छापणाऱ्या शहाण्या माणसांना एकच विनवणी. एखादा बाप हॅट हातात घेऊन गप्प उभा दिसला, तर शून्य लिहायच्या आधी त्याला विचारा की तो घरी काय गातो.

यारेत्सी बोट ठेवून इंग्रजी वाचतेय. तारीख. बापाचं नाव. "आपली मुलगी यारेत्सी सेंदेहास हिला…" एका लांब शब्दापाशी अडली. क्रिस्पीन पुढे वाकला नाही. तिनं शब्द तोडला, जोडला, ओठांत फिरवला, आणि मोठ्यानं म्हणाली. मग पुढचे दोन शब्द सरळ: "दुसरीच्या वर्गात."

आम्पारोनं पिठाच्या हातांनीच तिला उचललं. नाबोर टेबलावर थाप मारून ओरडला, त्याची ओळ भरल्यासारखा, आणि माझे पत्ते उडाले.

"थांबा," क्रिस्पीन म्हणाला. त्याचे डोळे भरलेत, पण हात अजून पत्रावर आहे. "खाली आणखी दोन ओळी आहेत. बस बाळा. पूर्ण वाच."

ती पुन्हा खुर्चीवर बसली, गालाला पीठ, आणि वाचू लागली. सुट्टी लागण्याआधी ग्रंथालयाची पुस्तकं परत करावीत. खेळाचे बूट घरी न्यावेत. क्रिस्पीन मान थोडी तिरकी करून एकेक शब्द ऐकतोय.